सातावर थांबलेला आकडा

आकडा हलत नव्हता, म्हणून मी घाबरलो.

दसऱ्याची सकाळ होती. साखरा गावच्या रस्त्याला, आमच्या तांड्याच्या वरच्या अंगाला सोयाबीन तेलाची एक मिल होती. मी तिथे सांडपाण्याच्या टाक्यांवर कामाला होतो. टाक्यांजवळ पत्र्याची खोली, खोलीच्या भिंतीवर निळा डबा आणि डब्याच्या काचेत दोन आकडे. मिलमध्ये सगळे त्याला कंट्रोलर म्हणायचे. वरचा आकडा पीएचचा. तेल साफ करताना तेजाब, म्हणजे ॲसिड, लागतं आणि ते शेवटी पाण्यात उतरतं. आकडा सात असला की पाणी मधोमध, पिण्याच्या पाण्यासारखं. सातच्या खाली तेजाब, सातच्या वर चुना. खालचा आकडा ओआरपीचा. वास मरावा म्हणून आम्ही पाण्यात ब्लिचिंगचं औषध सोडायचो, ते कमी पडलं की जास्त झालं हे त्यावरून कळायचं. डब्यातून दोन तारा टाकीत गेल्या होत्या आणि त्यांच्या टोकाला दोन काड्या पाण्यात बुडवलेल्या असायच्या. पीएचच्या काडीला खाली पातळ काचेचा फुगा होता. पाणी आंबटलं की तो फुगा ओळखायचा, डबा आपोआप चुन्याच्या पाण्याचा पंप सुरू करायचा आणि आकडा सातला आला की बंद करायचा.

पण पाणी कधी एका आकड्यावर बसून राहत नाही. सहा नऊ, सात एक, सात तीन, पुन्हा सहा आठ, असं दिवसभर चालायचं. त्या सकाळी काचेत ७.०० होतं. चहा पिऊन आलो, ७.००. टाकीला चक्कर मारून आलो, तरी ७.००. तेल साफ करायच्या रिफायनरीकडून पाणी धो धो येत होतं, आंबूस वास नाकात बसत होता, आणि चुन्याचा पंप मुका होता.

खालचा आकडा मात्र चढत होता. एरवी तीनशेच्या आसपास राहणारा ओआरपी चारशेच्या वर गेला होता. मी तर सकाळपासून औषधाचा थेंबही सोडला नव्हता.

आता हे पाणी जायचं कुठे, ते सांगायला पाहिजे. मिलच्या भिंतीबाहेर नाला, नाल्याच्या खालच्या वळणावर डोह, आणि डोहावर आमच्या तांड्याची गुरं. पावसाळा सरला की नाला आटायचा आणि डोहात मिलच्या पाण्याचीच भर पडायची. मिल उभी राहिली तेव्हा यावरून तांड्यात मोठी बैठक बसली होती. तांड्याचा मुखिया थावरा नायक म्हणाला, आपले आजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे. अनोळखी पाणी लागलं तर ज्यानं पाणी दाखवलं त्याचा बैल आधी पाण्याला लागायचा, मग बाकीचा तांडा. तीच रीत इथे लावू. पाणी सोडायचं काम आपल्याच माणसाच्या हातात पाहिजे, आणि त्याच्याच घरचं जनावर आधी पिईल.

मी पुढे झालो. नोकरी मला मिळाली आणि माझी गाय चांदी पहिली ठरली.

तेव्हापासून रोज असंच चालायचं. पाणी सोडण्याआधी मिलचा भोंगा व्हायचा. भोंगा झाला की माझी बायको रुख्मिणीबाई चांदीला घेऊन डोहावर उतरायची. तिच्या ओढणीच्या टोकाला हळकुंड बांधलेलं असायचं. दगडावर ते ओलं करून घासायचं, वरून डोहाचं पाणी टाकायचं. पाण्यात चुना जास्त असला तर हळद लाल होते, हे आमच्याकडे लहान लेकरालाही ठाऊक. मागच्या उन्हाळ्यात एकदा चुना जास्त गेला होता, तो तिच्या हळदीनंच धरला होता. हळद पिवळी राहिली की ती चांदीला पाण्यात सोडायची. चांदी प्यायली की थावरा नायक काठी वर करायचा आणि तांड्याची सगळी गुरं खाली यायची.

त्या गाईच्या तोंडात माझा शब्द होता. आणि चांदी गाभण होती.

मी खोलीत उभा राहून काचेकडे बघत होतो, तेवढ्यात किशनराव आले. ते मिलचे मॅनेजर. नवीन शर्ट, कपाळाला गंध. त्या दिवशी नव्या हंगामाचा मुहूर्त होता आणि शेठ पाहुण्यांना घेऊन येणार होते.

"वसराम, टाकी काठाला आली की. सोड पाणी. शेठ आल्यावर इकडं घाण नको दिसायला."

"साहेब, आकडा हलत न्हाई."

त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "सात आहे ना?"

"सात हाय."

"मग? सात पाहिजे म्हणून तर मशीन बसवली. सात आला तर तू रडून राहिलास!"

"सकाळपासून पंप लागला न्हाई, साहेब. आतून तेजाबाचं पाणी येऊन राहिलं. मग सात कशानं व्हईल?"

"हळद लावून बघितली?"

मी बघितली होती. खोलीत माझंही हळकुंड होतं. हळद पिवळीधमक होती.

"मशीन सात सांगते, हळद पिवळी सांगते. तिसरा कोण देव खाली यायचा आता?" किशनराव हसले, पण घड्याळाकडे बघत हसले. "अर्ध्या घंट्यात टाकी रिकामी पाहिजे."

ते गेले. मी बाहेर येऊन पाणी सोडायच्या व्हॉल्व्हचं चाक पान्यानं काढलं आणि खोलीत माझ्या स्टुलाखाली ठेवलं. मग भिंतीवर लिहिलेला साधनाताईंचा नंबर लावला.

साधनाताई ज्या कंपनीकडून कंट्रोलर आला तिथल्या इंजिनियर. त्यांनीच तो बसवला होता आणि उन्हाळ्यात दोन दिवस थांबून मला शिकवला होता. माहेर हिंगोलीचं, दसऱ्याला तिथे असतात म्हणून घरचा नंबर देऊन ठेवला होता. फोनमध्ये मागे माणसांचा गलका होता.

मी सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वसरामकाका, ओआरपी किती आहे?"

"साडेचारशेला आला."

साधनाताई म्हणाल्या, "पाणी आंबट होत गेलं की ओआरपी वर सरकतो. एक काडी म्हणते पाणी बदललं, दुसरी म्हणते काहीच झालं नाही. दोघींतली एक चूक आहे. पीएचची काडी बाहेर काढा. बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यानं धुवा. सातचं द्रावण आहे का?"

होतं. सातचं आणि चारचं अशा दोन बाटल्या कपाटात असायच्या. त्या द्रावणांचा आकडा कारखान्यातूनच पक्का ठरलेला असतो. काडी त्यात बुडवायची आणि डबा बरोबर सांगतो का ते बघायचं. मी सातचं द्रावण पेल्यात ओतलं, काडी बुडवली.

"७.००," मी म्हणालो.

किशनराव पुन्हा दारात आले होते. "बघ! बाईंना सांग, मशीन बराबर आहे."

त्यांचा आवाज फोनमधून गेला असावा. साधनाताई म्हणाल्या, "साहेबांना सांगा, सातमध्ये सात दाखवणं सोपं आहे. दोन ठिकाणी खरं निघाल्याशिवाय मी मानत नाही. चारचं लावा."

चारच्या लाल बाटलीत कापसासारखी बुरशी धरली होती. मी सांगितलं.

"ते नको. आंबट काय आहे जवळ? ताक? चिंच?"

मी खोलीत नजर फिरवली. दारावर आदल्या दिवशीच्या पूजेचं लिंबू-मिरचीचं तोरण लटकत होतं. लिंबू ओढून काढलं, पेल्यात पिळलं. काडी धुऊन त्यात बुडवली. लिंबात आकडा दोन-अडीचपर्यंत खाली यायला पाहिजे, हे मी उन्हाळ्यात डोळ्यांनी बघितलं होतं. मी काचेकडे बघत राहिलो. किशनरावही आत येऊन माझ्या खांद्यावरून बघायला लागले.

७.००.

"ढवळ जरा," किशनराव हळूच म्हणाले.

मी ढवळलं. ७.००.

किशनरावांनी पेला उचलून वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं. तोंड वाकडं झालं. "लिंबूच आहे की रे हे."

फोनमधून साधनाताई म्हणाल्या, "काका, तो आकडा पाण्याचा नाहीच. काडीकडून काही आलं नाही की डबा सात दाखवतो. काल कुणी काडीला हात लावला होता का?"

काल खंडेनवमी होती. मला सुट्टी होती, मी तांड्यात होतो. मी बाहेर तोंड काढून बॉयलरवरच्या उकंडरावला हाक मारली. उकंडराव शिरड शहापूरचा, अंगानं दांडगा, मनानं भोळा. हात पुसत आला.

"उकंडराव, काल पूजेत काय काय मांडलं होतं?"

"सगळं!" त्याची छाती फुगली. "पाने, हातोडे, बॉयलरचं मीटर, वजनाचे काटे. एक हत्यार सोडलं न्हाई, वसरामभाऊ. तुझी काडीबी मांडली."

"काडी?"

"सगळ्यात महागाची तीच म्हंतात ना? मग तिला उपाशी ठेवायची व्हय? बाजूला ठेवलेल्या तिच्या टोपणात घाण खारं पाणी साचलं होतं, ते फेकलं, काडी चांगली धुतली, कोरडी केली, हळद-कुंकू वाहिलं. वरून नारळ फोडला. पुन्हा हुती तशी लावून दिली." माझं तोंड बघून तो थांबला. "काहून? काही तकलीफ झाली का?"

ते खारं पाणी म्हणजे फुग्याचं जीवन. काडी बाहेर असेल तेव्हा तिनं त्यातच राहायचं, कधी कोरडी पडू द्यायची नाही, असं साधनाताईंनी मला बजावलं होतं. मला बजावलं होतं. उकंडरावला कुणी सांगितलं होतं?

मी फोनमध्ये सगळं सांगितलं. साधनाताईंनी कपाळावर हात मारला तो आवाज मला ऐकू आला. "नारळाचं पाणी तारेच्या जोडात गेलं असेल. जोड उघडा."

उघडला. आत चिकट होतं, कुंकवाचा लाल गाळ बसला होता.

"फुंकू नका हं. स्पिरिटनं पुसा, उन्हात धरा, पूर्ण कोरडा होऊ द्या. काडी खाऱ्या पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवा. डबा ऑटोवरून मॅन्युअलवर घ्या, चुन्याचा पंप अर्ध्यावर हातानं चालू करा. आणि काका, पाणी सोडू नका. मी निघते. इथे दसऱ्याची गर्दी आहे, गाडी निघायला वेळ लागेल, पण येते. नवी काडी आणते."

मी बटणं दाबली. पंपाचा आवाज सुरू झाला. पण टाकी काठोकाठ होती. आतून तेजाबाचं पाणी येतच होतं आणि टाकीच्या काठाला एक सांडव्याचा पाइप होता. पाणी त्याच्या तोंडाला लागलं की कुणाला न विचारता नाल्यात उतरणार होतं.

"साहेब, आतलं बंद करा," मी म्हणालो. "रिफायनरी थांबवा."

"आज? मुहूर्ताला?" किशनरावांचा चेहरा पडला. "शेठ गेटवर आले असतील."

"व्हॉल्व्हचं चाक माझ्यापाशी हाय. पण सांडव्याला चाक न्हाई."

त्यांनी टाकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि रिफायनरीकडे चक्क पळत सुटले. त्यांना पळताना मी आधी कधी बघितलं नव्हतं. उकंडरावलाही तिकडून कुणीतरी हाक मारली आणि तो गेला.

मी जोड पुसून उन्हात धरला होता. डोळा सांडव्यावर होता. पाण्याची एक बारीक धार पाइपात शिरली. मी जोड ठेवला, चुन्याची एक गोणी ओढत नेली आणि सांडव्याखालच्या नालीत फाडून टाकली. चुना फसफसला. फसफसला म्हणजे तेजाब होतंच. धार आडवी झाली, पण थांबली नाही. चुन्याच्या कडेनं वाट काढून नाल्याकडे निघाली.

त्याच वेळी भोंगा वाजला.

मी आधी समजलोच नाही. व्हॉल्व्ह बंद, चाक माझ्या स्टुलाखाली, मग भोंगा कशाचा? मग पुढच्या बाजूनं टाळ्या ऐकू आल्या. हंगामाचा मुहूर्त होता. शेठनी नारळ फोडला आणि उकंडरावनं भोंगा ओढला. दरवर्षी ओढतात. दरवर्षी मुहूर्त सकाळी लवकर असतो, गुरं रानात असतात, कुणी लक्ष देत नाही. आज पाहुण्यांमुळे उशीर झाला होता आणि गुरांची पाण्यावर यायची वेळ होऊन गेली होती.

खाली तांड्यात त्या भोंग्याचा एकच अर्थ होता.

मी पळालो. खिशात पिळून उरलेलं अर्धं लिंबू होतं, ते टाकायचंही सुचलं नव्हतं. भिंतीच्या भगदाडातून बाहेर पडलो, नाल्याच्या काठानं खाली. नाल्यातल्या गोट्यांतून पाण्याची ती धार माझ्याबरोबर पळत होती, कुठे दिसायची, कुठे दगडांखाली जायची. वय झालेल्या माणसाचे गुडघे उतारावर ऐकत नाहीत. दोनदा पडलो. ओरडलो, पण खालच्या गुरांच्या घंटांत माझा आवाज बुडाला.

वळणावरून डोह दिसला. रुख्मिणीबाई पाण्याच्या कडेला उकिडवी बसली होती. दगडावर हळद घासून झाली होती, ओंजळीनं पाणी टाकून ती बघत होती. वरच्या दरडीवर थावरा नायक काठी टेकून उभा, त्याच्यामागे गुरांची गर्दी, घंटांचा आवाज. रुख्मिणीबाई उठली, समाधानानं मान हलवली आणि चांदीच्या गळ्यातलं दावं सैल सोडलं. चांदी पुढे झाली. नाल्याची धार डोहात मिळत होती, अगदी तिथेच तिनं मान खाली घातली.

मी खिशातलं लिंबू काढून फेकलं.

ते तिच्या नाकासमोर पाण्यात पडलं. चांदी दचकून मागे सरली, रुख्मिणीबाईच्या अंगावर गेली.

"अवो, येड लागलं का तुमाला?" रुख्मिणीबाई ओरडली. "गाभण गाय हाय!"

दरडीवरून थावरा नायक हसला. "वसराम, सणासुदीचं गाईला लिंबू मारतो व्हय रे? मुहूर्ताची दारू पिऊन आलास वाटतं!" मागची माणसं खिदळली.

मी पाण्यात गुडघाभर शिरून चांदीचं शिंग धरलं. धाप लागली होती. "पाजू नको... तेजाब हाय."

"कुठं हाय?" रुख्मिणीबाईनं दगड दाखवला. "हे बघा, पिवळी. नुसती पिवळी. उगं काहून ओरडून राहिलात?"

लिंबू पाण्यावर तरंगत होतं. मी ते उचललं आणि तिच्या दगडावरच्या हळदीवर पिळलं. दोन-चार थेंब निघाले.

"लाल झाली का?"

ती बघत राहिली. "न्हाई."

"लिंबू आंबट हाय का न्हाई?"

"आंबटच."

"तरी पिवळीच हाय. तुझ्या हळदीला चुना दिसतो. तेजाब दिसत न्हाई. माझ्या हळदीनंबी सकाळी मला असंच फसवलं."

तिनं पुन्हा ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावणार होती, मी हात धरला. तिनं पाणी टाकून दिलं आणि चांदीचं दावं गच्च केलं. गाईच्या ओठांवर पाण्याचे थेंब होते, ती ते ओढणीनं पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

"प्यायली का?" मी विचारलं.

"तोंड लागलं असंल. घोट गेला का न्हाई... मला न्हाई दिसलं."

थावरा नायक खाली आला. आता तो हसत नव्हता. "वसराम, भोंगा झाला ना?"

"झाला, पण पाण्याचा नव्हता. मुहूर्ताचा हुता."

"आमी भोंगा बघतो. मुहूर्त बघत न्हाई."

"व्हय, नायक."

त्याच्यामागे सगळा तांडा उभा होता. मी तिथे गप्प राहिलो असतो, तर गाय बुजली म्हणून सांगता आलं असतं. पण शब्द तर मीच दिला होता. मी मोठ्यानं म्हणालो, "आज पाणी खराब हाय. मिलमधली मशीन बिघडली. मी सांगेपर्यंत कुणाचंच जनावर पाण्याला लावायचं न्हाई. विहिरीवर न्या."

कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, नालीच बुजवून टाका. नायकानं काठी आडवी केली. "संध्याकाळी बघू. जा तू, तुझं काम कर. मी येतो वर, मला दाखव."

आम्ही दोघं वर आलो तेव्हा सांडव्याची धार थांबली होती. किशनरावांनी शेठसमोरच रिफायनरी बंद केली होती. पाहुणे मांडवात ताटकळले होते. किशनराव नव्या शर्टानिशी नालीत उतरून फावड्यानं चुना सारत होते, बाह्या पांढऱ्या झाल्या होत्या. उकंडराव शेजारी खाली मान घालून उभा होता.

"चुन्याचा पंप?" मी ओरडलो. मी पळताना तो चालूच राहिला होता.

कुणी बंद केला नव्हता. टाकीतलं पाणी हळदीवर टाकलं तर हळद भडक लाल झाली. इकडून आंबट होतं ते तिकडे जाऊन बसलं होतं. पंप बंद केला आणि आम्ही चौघं टाकीच्या काठावर बसून वाट बघत राहिलो. नायक एकदा म्हणाला, "एवढी काचेची काडी, अन् तिच्यावर तुमचं सगळं?"

साधनाताई आल्या तेव्हा उन्हं कलली होती. केसांत दसऱ्याचा गजरा, हातात औजारांची पेटी. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "गाय?"

"उभी हाय. रवंथ करून राहिली," मी म्हणालो. रुख्मिणीबाईनं तसा निरोप पाठवला होता. पण सकाळी तिच्या पोटात घोट गेला की नाही, ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

साधनाताईंनी नवी काडी लावली, जोड स्वतः तपासला. ताजं सातचं द्रावण ओतलं. आकडा सात एकपासून हलत हलत सातला आला. काडी धुतली, चारच्या द्रावणात बुडवली. आम्ही सगळे वाकून बघत होतो, नायकसुद्धा. आकडा भराभरा खाली घसरला. सहा, पाच, साडेचार, मग हळूहळू चारला येऊन थरथरत थांबला. त्यांनी बटण दाबून ते डब्यात पक्कं केलं. मग त्यांनी डब्याच्या आतल्या कप्प्यात काहीतरी बदललं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काडी मेली की घंटी वाजवायची सोय यात आहे. उन्हाळ्यात ती उगीच वाजायची म्हणून मीच बंद ठेवली होती, काका. आता चालू केली."

"जुनी काडी?" उकंडरावनं घाबरत विचारलं.

त्यांनी खाऱ्या पाण्यातून ती काढली, कोरड्या झालेल्या जोडाला लावली, लिंबात बुडवली. आकडा सातवरून निघाला, पण म्हाताऱ्यासारखा, थांबत थांबत. तीनपर्यंत यायलाच त्याला फार वेळ लागला.

"जगेल," त्या म्हणाल्या. "पण तिच्यावर विसंबू नका."

मग नवी काडी टाकीत सोडली. दहाच्या वर होतं. रिफायनरीत साठून राहिलेलं तेजाबाचं पाणी थोडं थोडं घालत, ढवळत, आकडा खाली आणला. सात चार. सात दोन. सहा नऊ. सात एक. हलत होता. ओआरपीही तीनशेजवळ, जागेवर आला. मी स्टुलाखालचं चाक काढून व्हॉल्व्हला बसवलं.

किशनराव म्हणाले, "भोंगा द्या."

"थांबा," थावरा नायक म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. "आजपासून भोंग्याच्या आधी तांड्याचा एक माणूस इथं येईल. त्याच्यासमोर काडी लिंबात बुडवायची. आकडा खाली गेला पाहिजे, वर आला पाहिजे. मग भोंगा. मुहूर्ताला घंटा वाजवा, ढोल वाजवा, भोंग्याला हात लावायचा न्हाई. कबूल?"

किशनराव म्हणाले, "कबूल."

"आन् आज भोंगा कुणी ओढला?"

उकंडराव पुढे झाला. एवढा दांडगा माणूस, पण आवाज बसला होता. "मी, नायक."

"मग आज गाईच्या आधी तू."

लिंबू झालं, भोंगा झाला. मी व्हॉल्व्ह उघडला आणि पाण्याबरोबर आम्ही सगळे खाली उतरलो. डोहावर तांडा जमला होता. जुनं पाणी वाहून जाईपर्यंत नायकानं कुणाला पुढे जाऊ दिलं नाही. मग त्यानं उकंडरावला खूण केली.

उकंडरावनं टोपी काढली, धोतर खोचलं, पाण्यात उतरला. वर हात जोडून काहीतरी पुटपुटला. ओंजळ भरून तोंड धुतलं, डोळे धुतले, दुसरी ओंजळ तोंडात घेऊन चूळ भरली. सगळा तांडा त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"कसं हाय?" नायकानं विचारलं.

"खारट हाय जरा," उकंडराव म्हणाला. "पण जळजळ न्हाई."

"नारळाचं पाणी लागतंय का बघ," दरडीवरून कुणीतरी ओरडलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा लोक मोकळे हसले. उकंडरावही हसला, तोंडावरून पाणी निथळत होतं.

रुख्मिणीबाई चांदीला घेऊन आली. तिनं सवयीनं दगडावर हळद घासली, पाणी टाकलं, पिवळी राहिली. तरी तिनं दावं सोडलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"आकडा हलत हुता का?" तिनं विचारलं.

"हलत हुता."

तिनं दावं सोडलं. चांदी पाण्यात शिरली, सकाळच्या जागी थांबली, हुंगली, पुन्हा मान वर केली. मग खाली वाकली आणि प्यायला लागली. तिच्या गळ्यातून एकेक घोट खाली उतरताना मला दिसत होता. मी तो बघत उभा राहिलो. नायकानं काठी वर केली तेव्हाच मला कळलं की मी उकंडरावचा ओला हात घट्ट धरून ठेवला होता.